हिमालयन, पांदण अन् बाभळीचा काटा

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे हे कळलं की माणूस पहिले लडाखच विचारते. नाही गेलो भाऊ लडाखले, अन् सध्या जायचा विचारही नाही. माझी गाडी घाटंजी तालुक्यात चालते, कृषी केंद्रातून लोकांच्या वावरात, वावरातून यवतमाळ, मधात कधी पांढरकवडा, अन् दिवाळीनंतर धंदा जरा थंड झाला की मग जिकडे तोंड वळलं तिकडे. तर जे काही लिहून राहिलो ते याच हिशोबानं वाचा, कारण बर्फात गाडी उभी करून रिव्ह्यू देणारे पोट्टे जे सांगतात ते वेगळं अन् आपल्या पांदणीत काय होते ते वेगळं.

पहिले काळ्या मातीचं सांगतो. जूनमधले दोन पाऊस पडले की ही माती टायरला गुंडाळत जाते, मडगार्डखाली ठासून बसते अन् थोड्याच दूर चाक जाम. इंजिन किती सीसीचं आहे याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही, चाकच फिरत नाही तर ताकद कुठं लावसान? टायरला लागून मडगार्ड असलेली कोणतीही गाडी अशीच अडकते, हिरोच्या एक्सपल्ससारखं उंच मडगार्ड असलं तर जरा पुढे जाऊन अडकते, एवढाच फरक. म्हणून चिखलाच्या दिवसात मी सरळ डांबरावर गाडी लावतो अन् पायी जातो, लोक हसतात, हसू द्या.

पण तीच पांदण डिसेंबरात पाहा. बंडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात, मधात उंचवटा, दोन्ही बाजूला खोल नाली, साधी शंभर सीसीची गाडी त्यात घुसली की हँडल आपलं ऐकतच नाही. इथं समोरचं २१ इंची चाक कामी येते, चाकोरीतून तिरपं चढून बाहेर निघते, अन् खाली जमिनीपासून २२० मिमी क्लिअरन्स असल्यानं इंजिनची प्लेट घासत नाही. समोरच्या सस्पेन्शनला २०० मिमीचा प्रवास आहे, रपटा उखडलेला असो की मुरमाचा ढीग, उभं राहून आरामात काढता येते. माझी उंची बेताचीच, पण सीट ८०० मिमीवर आहे त्यामुळे पाय टेकतात, अन् पांदणीत पाय टेकणं ही फार मोठी गोष्ट आहे राजेहो.

इंजिनबद्दल लोकांची एकच तक्रार, पळत नाही. बरोबर आहे, ४११ सीसीतून २४ हॉर्सपॉवर म्हणजे कागदावर काहीच नाही. पण याचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७८ मिमी अन् स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा प्रवास, ८६, म्हणजे लाँग स्ट्रोक, अन् ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, चार-साडेचार हजार आरपीएमलाच भेटतो. मागं सरकीच्या ढेपेचं पोतं, समोर बंडी, बंडीवाला काही बाजूला होत नाही, अशात तिसऱ्या गिअरवर ही गाडी गुपचूप चालत राहते, अर्ध्या क्लचवर खेळावं लागत नाही. जुन्या बैलासारखं आहे तिचं, धावणार नाही पण नांगराच्या तासात बसणारही नाही. हायवे ४४ वर ऐंशी-नव्वदला मस्त, त्याच्या वर पळवायची हौस असन तर दुसरी घ्या. तसंही समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, ७०१ किलोमीटरचा रस्ता विदर्भातून गेला अन् आपल्याले चढू देत नाही, मग दीडशेच्या स्पीडची गाडी घेऊन पळवसान कुठं?

वजन मात्र खरंच आहे, १९९ किलो. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ ची आहे, वजनाची भीती असन तर ती पाहा, पण ती २५० सीसीची. धुऱ्यावर आडवी झाली अन् आजूबाजूला माणूस नाही तर हँडल पूर्ण वळवून, सीटला पाठ लावून, पायाच्या जोरानं उचलायची, कमरेच्या जोरानं नाही. घेणाऱ्यानं शोरूममध्ये नाही तर वावरात एकदा आडवी करून उचलून पाहावी, नाही जमलं तर सोडून द्यावी.

अन् काटे! आपल्याकडे कुंपण म्हणजे बाभळीच्या काट्या, त्या रस्त्यावर पडतातच. हिच्यात स्पोकची चाकं अन् ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलणं आलं. ट्यूबलेस असतं तर दहा मिनिटात भोकात रबराची काडी टाकून मोकळे. पण दुसरी बाजू अशी की ट्यूबचं पंक्चर कोणत्याही खेड्यातला माणूस काढून देते, अन् गाडीला सेंटर स्टँड कंपनीचाच आहे, त्यामुळे चाक काढायला दगड शोधत फिरावं लागत नाही. मी दोन ट्यूब, पाने अन् छोटा पंप मागच्या कॅरिअरवर बांधूनच ठेवतो.

फिरायचं म्हणाल तर आमची आवडती लाईन भामरागडची. वणी, चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा पार केली की आलापल्ली. बायको मागं बसून असते, वणीकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ खाल्ल्यावर ती एक शब्द बोलत नाही, आलापल्लीनंतर सागाचं जंगल लागलं की बोलणं सुरू. पंधरा लिटरची टाकी, तीसच्या जवळ अॅव्हरेज, आलापल्लीला फुल केली की हेमलकसा, भामरागड करून परत येईपर्यंत टेन्शन नाही. पावसाळ्यात तिकडे पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की रस्ता बंद, त्यामुळे हिवाळ्यातच जायचं अन् अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं. अंधाराचं तर आमच्या घराजवळही तसंच आहे, टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य बाजूलाच. २०१९ मध्ये तिथला एक वाघ चालत चालत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेराशे किलोमीटरच्या वर, ना पेट्रोल ना पंक्चर. टुरिंग म्हणतात ते त्याला.

एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा गेला की गाडीपेक्षा आपणच पहिले तापतो, सकाळी दहाच्या आत काम उरकायचं, हेल्मेटच्या आत ओला दुपट्टा. इंजिनला ऑइल कूलर आहे, उन्हाळ्यात ऑइलची लेव्हल मात्र काचेतून पाहत जा.

आता घ्यायची असन तर सेकंड हँडच पाहावी लागन, कारण २०२३ च्या शेवटी ४५० आली अन् ४११ बंद झाली. २०१६ ची पहिली गाडी कार्बोरेटरची होती, २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन, अन् २०२० पासूनच्या बीएस-सिक्स (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीला मागचा एबीएस, म्हणजे ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम, बंद करता येते, मुरमावर उतरताना ती बंदच बरी, म्हणून भेटली तर बीएस-सिक्सच घ्या. पाहायला जासान तेव्हा सेंटर स्टँडवर लावून समोरचं चाक उचला अन् हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवा, मधात कुठं खटकन अडकत असन तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला समजा. स्पोक एकेक वाजवून पाहा. नवी ४५० म्हणाल तर ४० पीएस, लिक्विड कूल्ड, टाकी १७ लिटर अन् वजन १९६, म्हणजे वजन जवळपास तेच अन् ताकद दीडपटीच्या वर. पैसे असन तर घ्या, आपल्याले तुरीचा भाव पाहून ठरवावं लागते.