किल्ल्यावरची बदकं आणि बाबांचे मिटन

६ डिसेंबर

यंदाचं काम ठरलं. बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, क्रोशाचे मिटन, म्हणजे चार बोटांना एक खोळ आणि अंगठा वेगळा असे हातमोजे. दोन रंगांत, नक्षीचे. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, पण पहाटे सहाला दूध आणायला पायी स्वतःच जाणार, दुसऱ्या कुणाला जाऊ देणार नाहीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत जानेवारीत असं धुकं उतरतं की समोरच्या घराचा ओटासुद्धा दिसत नाही. बाजारातले पाच बोटांचे हातमोजे त्यांनी दोन हिवाळे घालून पाहिले. "प्रत्येक बोट वेगळं गारठतं गं," एवढंच म्हणाले. खरंच आहे ते. चार बोटं एका खोळीत असली की एकमेकांना ऊब देतात.

नक्षी कुठली, हा प्रश्न होता. नक्षीचे मिटन म्हटले की आपल्यातल्या निम्म्या जणी नॉर्वेतल्या सेल्बूचा आठ पाकळ्यांचा तारा घेतात. १८५७ साली मारित एम्स्ताद नावाच्या मुलीने तिथे काळ्या-पांढऱ्या लोकरीत तसे मिटन विणले आणि पुढे अख्ख्या गावाला त्यावर रोजगार मिळाला. (त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आलं, ते ग्वाल्हेरकरांना सांगायला नको.) तारा देखणा आहे, चौकडीच्या कागदावर पटकन बसतोही. पण किल्ल्यावर बदकं असताना मी तारे आणायला नॉर्वेला का जाऊ?

ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी: राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिर महालावर बाहेरच्या भिंतीला झिलईच्या रंगीत फरशा आहेत. हत्ती आहेत, केळीची झाडं आहेत, आणि निळ्यावर पिवळ्या बदकांची एक पट्टी आहे. मानसिंहाची कारकीर्द १४८६ ते १५१६, म्हणजे पाचशे वर्षांचं ऊन-पाऊस खाऊनही तो निळा अजून निळा दिसतो. बऱ्याच फरशा गळून पडल्यात, पण बदकं लहानपणापासून पाठ आहेत.

९ डिसेंबर

सामान आणलं. पाटणकर बाजारातून निळी लोकर ५० ग्रॅम, हळदीसारखी पिवळी २५ ग्रॅम. मिश्र लोकर आहे, चार पदरी. निव्वळ अ‍ॅक्रिलिक या खेपेला नको म्हटलं, कारण गेल्या वर्षी मी अ‍ॅक्रिलिकच्या टोपीवर वाफेची इस्त्री फिरवली आणि ती भिजलेल्या पापडासारखी लोळागोळा झाली. ते पुन्हा ताठ होत नाही, कुणी प्रयोग करू नका.

बदक कागदावर काढलं: ८ घरं रुंद, मध्ये २ घरं निळी. दहाचे चार भाग, एकूण ४० टाके. बाबांच्या पंजाचा घेर अंगठा सोडून १९ सेंटीमीटर भरतो, त्यात एक सेंटीमीटर सैल धरला तर २०. माझे १० सेंटीमीटरला २० टाके येतात, हिशोब जुळला.

१३ डिसेंबर

मनगटाची पट्टी आधी आडवी विणून घेतली. १२ टाक्यांच्या ओळी, प्रत्येक टाका मागच्या अर्ध्या कडीत, म्हणजे दांडे उठतात आणि पट्टी ताणली जाते. छत्तीस ओळी झाल्यावर टोकाला टोक जोडलं आणि कडेने ४० मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घेऊन वर निघाले. साडेतीन मिलिमीटरची सुई.

बदकांच्या नऊ फेऱ्या दोन रात्रींत झाल्या. दुसरा धागा खांबाच्या आत दाबून नेत होते, रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाचा. सगळं नियमाप्रमाणे. आणि बदकं? सगळी उजवीकडे कललेली. एखाददुसरं नाही, चारही. होळीला भांग चढल्यासारखी.

बाबांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "चढावर आहेत का?"

१४ डिसेंबर

चूक माझ्या हाताची नव्हती, टाक्याची होती. न वळता गोल फेऱ्यांत मुका खांब घालत गेलं की उजव्या हाताने विणणाऱ्यांचा प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या जरासा उजवीकडे बसतो. एका फेरीत ते दिसत नाही. नऊ फेऱ्यांत दोन-तीन घरांची घसरण होते. आजीने शिकवलेल्या ताटावरच्या रुमालात हे कधी लक्षात आलं नाही, कारण रुमाल गोलच असतो, तिथे घसरलं काय आणि फिरलं काय! डावखुऱ्यांची नक्षी डावीकडे कलते म्हणे, माझ्या मावसबहिणीने फोनवर खात्री दिली.

उपाय जुनाच आहे. टाक्याच्या माथ्यावरच्या साखळीत सुई न घालता, खालच्या खांबाचे जे दोन पाय उलट्या टोपीसारखे दिसतात त्यांच्या बरोबर मधोमध घालायची. पोटातून. मग टाका टाक्यावर उभा राहतो आणि कापड सुयांवर विणल्यासारखं दिसतं. पहिली फेरी मात्र साध्या मुक्या खांबाचीच घ्यावी लागते, नाहीतर पाय कुठून आणणार?

उसवलं. सगळं.

१७ डिसेंबर

हा टाका सोपा नाही. साडेतीनच्या सुईने तर घुसतच नव्हता. अंगठ्याच्या पेरावर सुईचा वळ उठला. साडेचारची घेतली, हात मुद्दाम ढिला सोडला, तेव्हा जमायला लागलं. कापड जाड होतं, म्हणजे आपल्याला हवं तसंच, पण ताणत अजिबात नाही. ज्यांना मुक्या खांबाच्या मापाने टाके घ्यायची सवय आहे त्यांनी एक सेंटीमीटर सैल धराच, नाहीतर मिटन हातातच अडकेल.

आणखी एक सापडलं. माझ्या नमुन्यात १० सेंटीमीटरला २० टाके पण २४ ओळी येतात, म्हणजे घर चौरस नाही, चपटं आहे. चौकडीच्या कागदावर ऐटदार दिसणारं बदक विणल्यावर बसकं होतं, कोंबडीच जणू. म्हणून मान एका ओळीने उंच केली. आता दहा ओळी. ठीक दिसतंय.

मागे मोकळा सोडलेला धागा दोन टाक्यांपेक्षा लांब ठेवत नाही, एकाआड एक टाक्यात अडकवून टाकते. आत बोट घालताना अंगठी अडकली की संपलं.

२१ डिसेंबर

डावा मिटन अंगठ्यापर्यंत आला. अंगठ्याची पाचर अशी केली: एका खुणेच्या टाक्याच्या दोन्ही अंगांना दर तिसऱ्या फेरीला एकेक टाका वाढवला, पाच वेळा, म्हणजे एकाचे अकरा झाले. ते अकरा वेगळ्या धाग्यावर ओवून ठेवले, त्यांच्या जागी एक साखळी घातली, पुन्हा ४० टाके. पाचर निळीच ठेवली. त्यात बदक घुसवायचा मोह झाला होता, पण वाढवताना नक्षी सांभाळणं हे शहाण्या माणसाचं काम नाही.

शेंड्याला दोन्ही कडांना प्रत्येकी दोन असे फेरीला चार टाके कमी करत आठ उरवले, धागा ओवून आवळला. बदकं सरळ आहेत. एकदम सरळ. रात्री अकराला एकटीच हसत बसले.

२६ डिसेंबर

निळी संपली. त्याच दुकानातून दुसरा गुंडा आणला. दुकानात ट्यूबच्या उजेडात दोन्ही निळे जुळे भाऊ वाटले, गच्चीवर नेऊन पाहिले तर नवा चांगलाच गडद. रंगाचा लॉट वेगळा. दुकानदाराला फोन केला तर म्हणाले, "इतना तो चलता है, दीदी." चालत नाही. पण यात निम्मा दोष माझा आहे, ५० ग्रॅममध्ये जाड टाक्याचा जोड होत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. पूर्ण जोडाला १०० धरा.

तोडगा: डाव्याचा अंगठा अजून राहिलेलाच होता. जुन्या गुंड्यातला शेवटचा धागा तोलून पाहिला, तो उजव्याच्या पट्टीला पुरत नाही. तेव्हा डाव्याची पट्टी उसवायची, दोन्ही पट्ट्या आणि दोन्ही अंगठे गडद निळ्यात. सुटलेली फिकी लोकर उजव्याच्या अंगाला जाईल. पट्टी खालून उसवत नाही हे विसरले होते. जोडाची फेरी कात्रीने कापली, जीव मुठीत धरून चाळीस टाके सुईवर उचलले आणि नवी पट्टी शिवून लावली.

२ जानेवारी

उजवा. थंडी आता खरी पडली. मुलगा मेळ्यात जाऊन गजक घेऊन आला, तिचा चुरा लोकरीत पडला, त्यावरून घरात अर्धा तास गेला.

काल रात्री कळलं की चोची उलट्या दिशेला आहेत. दिवसभराच्या दगदगीनंतर मी आलेख डावीकडून वाचला होता. धड जवळजवळ दोन्ही बाजूंनी सारखं, म्हणून सात फेऱ्या कळलंच नाही, मान सुरू झाली तेव्हा उजेड पडला. दोन्ही हात शेजारी ठेवले तर बदकं चोचीला चोच लावून उभी. छान दिसत होतं, खोटं का बोलू. पण मला रांग हवी होती, एका हातावरून दुसऱ्या हातावर जाणारी. उसवलं. आता आलेखाच्या उजव्या कडेला लाल बाण काढलाय, पेन्सिलने नाही, स्केचपेनने.

७ जानेवारी

दोन्ही अंगाने पूर्ण, अंगठे बाकी. बाबांना घालून पाहायला लावले. आधी म्हणाले, "हे तर तान्ह्या पोराचे." मग मुठी उघडमीट केल्या. मग विचारलं, "सुट्टे पैसे कसे काढायचे यातून?"

"बाबा, एक काढून काढा ना. दोरी लावून देते, गळ्यात राहतील."

"दोरी? मी काय बालवाडीत जातो?"

दोरी रद्द. मिटन काढून ठेवायला स्वेटरला मोठा खिसा लावावा लागेल, तो क्रोशाचा नाही, शिवणयंत्रावर.

८ जानेवारी

डावा अंगठा झाला. धाग्यावरचे अकरा टाके परत घेतले, फटीच्या कडेने तीन उचलले, एकूण चौदा. त्या तिन्हींच्या कोपऱ्यात भोक पडतंच, तिथे टाका जरा खालून घ्या आणि उरलेलं शेपटाने शिवून टाका. चौदा टाक्यांचे सात सेंटीमीटर होतात, बाबांचा अंगठा आरामात जातो. शेंड्याला सरळ दोन-दोन टाके एकत्र करून सात केले आणि आवळलं.

आज पहाटे बाबा एकच मिटन घालून दूध आणायला गेले. उजवा हात खिशात. परत आल्यावर डावा काढून चुलीशेजारी ठेवला आणि उजव्याची चौकशी केली. पिवळी लोकर चार ग्रॅम उरलीय, उजव्या अंगठ्यावर एक छोटं पिल्लू बसवता येईल का ते पाहतेय.