टाळूतली चावी

पोरगी आठ वर्षांची, झोपेत तोंड उघडं आणि चावताना जबडा डावीकडे सरकायचा. सासूबाई म्हणायच्या, "दुधाचे दात पडू दे वं माय, होईल सरळ." मीपण तेच धरून बसले. शेवटी जळगावला दातांच्या डॉक्टरांना दाखवलं तर वरचा जबडाच अरुंद निघाला, एका बाजूचे वरचे दात खालच्यांच्या आत बसत होते, क्रॉसबाईट म्हणतात त्याला. तोंडाने श्वास घेते म्हणून अ‍ॅडिनॉइडसाठी, म्हणजे नाकामागच्या ग्रंथीसाठी, कान-नाक-घसावाल्यांकडेही पाठवलं.

टाळूच्या दोन हाडांमधली शिवण लहानपणी कच्ची असते, वयात येताना घट्ट होत जाते, म्हणून 7 व्या वर्षापर्यंत एकदा तरी तपासून घ्या म्हणतात. तपासलं म्हणजे तार लागतेच असं नाही, बऱ्याच पोरांना नुसतं लक्ष ठेवतात.

हिला एक्सपांडर बसवला, म्हणजे टाळूत बसून वरचा जबडा हळूहळू रुंद करणारं साधन. रात्री मोबाईलच्या टॉर्चमध्ये मी त्याच्या स्क्रूत बारीक चावी घालून फिरवायची, एकदा पाव वळसा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांनी पुढच्या दोन दातांत ही एवढी फट! सासूबाई हबकल्याच, पण ती पडतेच आणि नंतर हळूहळू मिटते.

चिक्की, कडक शेव बंद. केळी आणि भरीत मात्र चालतं, मग जळगावात काय टेन्शन.