एरविकुलमला सहकुटुंब जाताना

मुन्नारची सहल ठरली की चहाचे मळे, मट्टुपेट्टीचं धरण, इको पॉइंट ही नावं आधी येतात आणि एरविकुलम राष्ट्रीय उद्यान ‘वेळ उरला तर बघू’ या खात्यात जातं. आम्ही उलटं केलं. उद्यानाची सकाळ आधी पक्की केली आणि बाकीची सहल तिच्या आजूबाजूला बसवली. बरोबर गुडघ्यांची जुनी तक्रार असलेल्या सासूबाई, चौथीतली लेक आणि बालवाडीतले चिरंजीव. असा लवाजमा घेऊन जाणाऱ्यांनी याच क्रमाने आखणी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात आधी कॅलेंडर उघडा. इथला मुख्य रहिवासी म्हणजे निलगिरी ताहर, शेळीसारखा दिसणारा डोंगरी प्राणी. त्याची पिल्लं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत जन्मतात, आणि त्यांना त्रास नको म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उद्यान पर्यटकांना बंद असतं. नेमक्या तारखा दर वर्षी जाहीर होतात, त्या पाहिल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका. ‘शाळा चालू आहेत, गर्दी कमी असेल’ असा हिशेब करून निवृत्त मंडळी नेमकी याच दिवसांत निघतात. शाळकरी मुलं असतील तर परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्ये जाणं उत्तम, कारण तेव्हा पिल्लं आयांच्या मागे हुंदडत असतात. मे महिन्यात निम्मा दक्षिण भारत मुन्नारला लोटतो. दिवाळीच्या सुट्टीत डोंगर हिरवेगार मिळतात, पण तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो आणि तो बहुधा दुपारनंतर गाठतो. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते, थंडी मात्र कडाक्याची. काही मळ्यांत पहाटे गवतावर हिमकण साचतात.

जून ते ऑगस्टमध्ये म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन जाऊ नका. उद्यानाला लागूनच असलेल्या पेट्टिमुडी इथे ६ ऑगस्ट २०२०च्या रात्री दरड कोसळून चहामळ्यातल्या कामगारांच्या वस्तीतली सत्तर माणसं गेली. पावसाळ्यात धबधबे सुंदर दिसतात हे खरं, पण रस्ते कधी बंद होतील याचा नेम नसतो. शिवाय जळवा.

आता रस्ता. आपल्याकडून कोकण रेल्वेने जायला नेत्रावती आहे, नाशिक-कल्याणकडच्यांना मंगलाही सोयीची. एर्नाकुलमपर्यंत न जाता अलुव्याला उतरलं की शहरातली रहदारी टळते. तिथून मुन्नार सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण आपल्या महामार्गांच्या हिशेबाने वेळ मोजू नका, चार-पाच तास धरा. नेरियमंगलमला पेरियार नदीवरचा १९३५ सालचा कमानींचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो आणि मग वळणावर वळणं. मुलांना गाडी लागते ती इथेच. कोतमंगलमला हलकं खाऊन घ्या: इडली चालेल, पुरी-भाजी नको. उलटीचं औषध द्यायचं असेल तर ते डॉक्टरांना घरूनच विचारून ठेवा आणि घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्या. वळणांवर आठवून उपयोग नाही. मोबाइल काढून घ्या. चीयप्पारा धबधबा रस्त्याला लागूनच आहे, तिथे सगळ्यांना खाली उतरवून पाय मोकळे करायला लावा. हा टप्पा उजेडातच संपवावा. गाडी संध्याकाळी पोहोचणार असेल तर सरळ खालीच मुक्काम करा आणि सकाळी निघा.

मुक्कामाचं ठिकाण निवडताना पत्त्यातल्या ‘मुन्नार’ या शब्दावर विसंबू नका. चित्तिरपुरम, आनच्चाल इथली हॉटेलंही मुन्नार म्हणूनच विकली जातात. झोपायला ती छानच आहेत, पण सकाळी लवकर उद्यान गाठायचं असेल तर मधली गावातली कोंडी पार करावी लागते. नकाशावर हॉटेल ते उद्यानाचं फाटक हे अंतर बघा आणि मगच पैसे भरा.

उद्यानाचं तिकीट ऑनलाइन काढता येतं आणि त्यावर वेळ ठरवून मिळते. सकाळची पहिली किंवा दुसरी वेळ घ्या, तीही सोमवार ते गुरुवारातली. हा सल्ला मी दोनदा लिहायला तयार आहे. दुपारी ढग उतरले की चार हातांवरचं दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी तर बसच्या रांगेतच मुलांचा संयम संपतो. दर बदलत असतात, ते तिकीट काढतानाच पाहा. कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं असतं. चालायला त्रास होणाऱ्यांसाठी वर बग्गी मिळते का, हेही आधीच विचारून घ्या.

स्वतःची गाडी आत नेता येत नाही. मरयूरच्या रस्त्याला ती खाली उभी करायची आणि वन विभागाच्या बसने चहाच्या मळ्यांतून वर राजमलापर्यंत जायचं. जाताना डावी-उजवी खिडकी यावरून भांडण व्हायचंच. बस सोडते तिथून पुढे पक्क्या वाटेने साधारण किलोमीटरभर चढ आहे. चढ दमवणारा नाही, पण उंची विसरू नका. मुन्नार गाव पंधरा-सोळाशे मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकं उंच, आणि राजमला त्याच्याही वर. लेक म्हणाली, “आजी, तू इथेच बस, मी बघून येते आणि तुला सांगते.” त्यावर सासूबाई, “मला काय धाड भरलीय? चल पुढे,” म्हणत काठी टेकत निघाल्या. दर वळणाला थांबायचं, श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं, पुढे जायचं. घाई करणारा माणूस बरोबर असेल तर त्याला पुढे पाठवून द्या. सगळ्यांना एका चालीने चालवायचा हट्ट धरला की सहल बिघडते.

ताहर शोधावे लागत नाहीत, हे इथलं नवल. आम्हाला पहिलाच दिसला तो वाटेच्या कठड्याला लागून, ओल्या कातळाला तोंड लावून. इतक्या जवळ की ओठांची हालचाल, मागे वळलेल्या शिंगांवरच्या वळ्या आणि पोटाशी चिकटलेलं गवताचं पातं स्पष्ट दिसत होतं. मोठ्या नरांची पाठ खोगीर घातल्यासारखी रुपेरी असते, माद्या आणि पिल्लं करड्या रंगाची. आमच्या चिरंजिवांनी ‘शेळी!’ असा पुकारा केला. दिसतो तो शेळीसारखाच, पण जनुकीय अभ्यासानुसार त्याचं जवळचं नातं मेंढ्यांशी आहे. हा प्राणी फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात उरलाय आणि त्याचा सगळ्यात मोठा कळप-समूह इथेच आहे.

जवळ येतात म्हणून त्यांना हात लावायचा नाही, चिप्स द्यायचे नाहीत, पिल्लाशेजारी मूल उभं करून फोटो काढायचा नाही. नियम म्हणून फलकावर लिहिलेलं आहेच, पण वाचतं कोण? मुलांना हे बसमध्येच सांगून ठेवा. वर पोहोचल्यावर उत्साहात कुणी ऐकत नाही, आणि आपल्या मुलांपेक्षा आपल्यातल्या काकांना आवरणं अवघड जातं.

लेकीचा प्रश्न होता, शिखरावर कधी जायचं? २,६९५ मीटर उंचीचं आनमुडी हे हिमालयाच्या दक्षिणेकडचं भारतातलं सर्वांत उंच शिखर या उद्यानातच आहे. पण सर्वसाधारण पर्यटकाला राजमलाच्या वाटेपलीकडे जाता येत नाही. हे मुलांना घरीच सांगा, म्हणजे तिथे तोंडं पडत नाहीत. त्याऐवजी उतारांकडे बघायला लावा: उघड्या पाठीवर गवत आणि घळींमध्ये बुटकं दाट जंगल, ज्याला शोला म्हणतात. दोघं मिळून पावसाचं पाणी धरून ठेवतात आणि वर्षभर सोडत राहतात. ही जागा पूर्वी चहामळ्यांच्या साहेबांचं शिकारीचं रान होती; १९७५ साली अभयारण्य झालं आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या जागा जागतिक वारसा ठरल्या, त्यांत आपलं कास पठार आहे आणि हेही आहे.

निळ्या कुरिंजीबद्दल सगळे विचारतात. ती आपल्या कारवीची सख्खी चुलतबहीण, फक्त कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि ही बारा. मागचा मोठा बहर २०१८ साली येऊन गेला, पुढचा २०३०मध्ये. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर निवासाची व्यवस्था खूप आधी करावी लागेल.

पिशवीत काय घ्यावं: प्रत्येकाला वाऱ्याचं जाकीट, आजींना कानटोपी (एप्रिलमध्येही), घसरणार नाहीत असे बूट, स्टीलच्या बाटल्या. प्लास्टिक आत चालत नाही. स्वच्छतागृह खाली, बसच्या रांगेत उभं राहायच्या आधीच आटपून घ्या.

उद्यानात एकूण दोन-तीन तास पुरतात. मग उरलेल्या दिवसाचं काय? बहुतेक गाड्यावाले उलट फिरवून धरणाकडे नेतात. मी म्हणेन, त्याच रस्त्याने पुढे मरयूरकडे जा. वाटेत लक्कम धबधबा लागतो, पुढे घाट उतरला की हवा कोरडी होते, चंदनाची कुंपण घातलेली झाडं दिसतात. तिथला गूळ नावाजलेला आहे, २०१९ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घरी न्यायला ढेप घ्या. परत मात्र अंधार पडायच्या आत मुन्नारला या. संध्याकाळी या रस्त्यांवर हत्ती येतात, आणि ‘पडयप्पा’ नावाने ओळखला जाणारा सुळेवाला तर वाहतूक अडवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तो दिसला तर गाडीतच बसा, हॉर्न नको, फ्लॅश नको, चालक सांगेल तसं मागे घ्या.

परतीची रेल्वे पकडायच्या दिवशी मुन्नारहून सकाळी निघून दुपारची गाडी गाठायचा बेत आखू नका. आदल्या दिवशीच अलुव्याला उतरून या. घाटात एक ट्रक आडवा झाला तरी दोन तास जातात.