टोपीवरचे बॅज, अपडेट ३: मेकरचा छाप सगळ्यात शेवटी बघायचा

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं ना, इथे बर्मिंगहॅमला कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, बिस्किटाचा डबा भरून ब्रिटिश आर्मीचे कॅप बॅज मिळाले, तर तो डबा अखेर रिकामा केला. एकूण ४३ नग, त्यातले ३१ स्टेब्राइट, म्हणजे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक पितळी. मी हौसेहौसेने मेकरप्रमाणे एक्सेल शीट केली, गाँट एकीकडे, फर्मिन एकीकडे, डाउलर, स्मिथ अँड राइट वगैरे, आणि दोन रविवार घालवल्यावर लक्षात आलं की या शीटवरून एकाही बॅजचं साल सांगता येत नाही! गाँटवाल्यांनी राजाच्या काळातही बॅज ठोकले आणि राणीच्या काळातही, नुसतं नाव वाचून काय डोंबल कळणार.

शीट मोडली. आता आधी मुकुट बघतो, मग ती रेजिमेंट कधी जन्मली आणि कधी दुसरीत विरघळली ते, मग धातू आणि मागची पट्टी, आणि छाप अगदी शेवटी.

मुकुटाचं सोपं आहे. वरच्या कमानी गोल घुमटासारख्या असतील तर ट्यूडर क्राउन, १९०१ ते १९५२. मधे खळगा पडलेला असेल तर सेंट एडवर्ड्स क्राउन, म्हणजे एलिझाबेथ राणीचा काळ. रॉयल इंजिनिअर्ससारख्या बॅजवर राजाची आद्याक्षरंच असतात, तिथे तर डोकं लावायलाच नको.

पण राणी ७० वर्षं गादीवर होती, तेव्हा मुकुटावर थांबून भागत नाही. हातातलाच एक घेतो. आठ टोकांची चांदणी, खालच्या पट्टीवर रॉयल कोअर ऑफ ट्रान्सपोर्ट, म्हणजे सैन्याची वाहतूक शाखा. ही कोअर १५ जुलै १९६५ ला झाली आणि ५ एप्रिल १९९३ ला रॉयल लॉजिस्टिक कोअरमध्ये गेली, म्हणजे ७० वर्षांची २८ झाली, तेही बॅज उलटा न करता. तशीच चांदणी पण पट्टीवर रॉयल आर्मी सर्व्हिस कोअर असेल तर १९६५ च्या आधीचा. आणि दोन पायांचा ड्रॅगन आहे ना, वायव्हर्न, तो वेसेक्स ब्रिगेडचा, ब्रिगेड म्हणजे इथे काही रेजिमेंटांचा गट. १९५८ नंतर रेजिमेंटांना स्वतःचे बॅज काढून ब्रिगेडचा सामायिक बॅज लावायला लागला होता आणि साठच्या दशकाअखेर ते परत मिळाले, म्हणून ब्रिगेडचे बॅज मला फार आवडतात, जेमतेम दहा वर्षांची खिडकी.

आता माझा गाढवपणा. एक स्टेब्राइट काळपट दिसत होता, मी पितळ समजून चिंच-मीठ लावून काथ्याने घासला, आजी समई घासायची तसा. सोनेरी रंग उंचवट्यांवरून साफ गेला, खाली पांढरंफटक ॲल्युमिनियम! तो रंग म्हणजे वरच्या पातळ थरात मुरवलेला डाय असतो, गेला की गेला. तेव्हापासून आधी किचनच्या काट्यावर वजन करतो. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीने जड, हातातसुद्धा कळतं.

छापाचं म्हणाल तर पितळी ट्यूडर क्राउनवाल्या एका बॅजच्या स्लायडरवर, म्हणजे टोपीत खोचायच्या मागच्या पट्टीवर, जे. आर. गाँट लंडन असं टवटवीत उमटलंय आणि मी आधी खूश झालो होतो. नंतर कळलं की हाच छाप नंतरच्या रिस्ट्राइकवर, म्हणजे मागाहून पुन्हा ठोकलेल्या नगांवर, सर्रास दिसतो. पुढचा भाग भिंगातून बघितला तर मुकुटावरचे मणी एकमेकांत मिसळलेत आणि कडा बोथट आहेत, म्हणजे मागची पट्टी करकरीत आणि तोंड झिजलेलं, हे गणित काही जमत नाही. तो वेगळ्या पाकिटात टाकलाय.

साल नेमकं देणारा छाप एकच, चांदीच्या बॅजवरचा हॉलमार्क. माझ्याकडे ऑफिसरचा एकच आहे, त्यावर नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचं ‘असे’ (assay) ऑफिस, चांदीचा कस तपासून छाप मारणारं, आणि शेजारी वर्षाचं अक्षर. १९७५ पासून सगळ्या ‘असे’ ऑफिसांचं अक्षर एकच झालं त्यामुळे तक्ता एकच पुरतो, फक्त १९९९ पासून हे अक्षर ऐच्छिक आहे, तेव्हा नसलं तर लगेच खोटा म्हणू नका. आणि न वापरलेला बॅज पाकिटासकट मिळाला तर पाकीट फेकू नका हो! त्यावर ८४५५-९९ ने सुरू होणारा नंबर असतो, ८४५५ म्हणजे बॅज-बिल्ले, ९९ म्हणजे ब्रिटन, आणि माझ्या दोन पाकिटांवर तर वर्षसुद्धा छापलंय.

पुण्याच्या मित्राने आपल्याकडच्या बॅजबद्दल विचारलं होतं. तिथेही तोंडच आधी वाच म्हटलं, मुकुट की अशोकाचे सिंह, २६ जानेवारी १९५० च्या अलीकडे की पलीकडे. महार रेजिमेंटच्या बॅजवर आधी कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला, म्हणजे मागे कोणाचं नाव आहे हा प्रश्न नंतरचा.

एक मात्र अडलंय. २०२२ नंतर चार्ल्स राजाने परत ट्यूडर क्राउन आणलाय, त्यामुळे गोल कमान म्हणजे जुनं हा माझा पहिलाच नियम लंगडा झाला. डब्याच्या तळाशी असाच एक चकचकीत निघालाय, त्यावर छापच नाही. कोणाकडे नव्या राजाचा बॅज असेल तर मागच्या बाजूचा फोटो टाका, स्लायडर कसा बसवलाय तेवढं दिसलं तरी पुरे.