मामाचं इंजिन बदलू की नको

भिगवणला मामाची छोटी बोट आहे, उजनीच्या पाण्यात, थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला पाहुणे आले की तीच बाहेर निघते आणि तिच्या मागचं 8 एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन माझ्याहून फार लहान नसेल. गेल्या रविवारी पुण्याहून गेलो तर दोरी ओढून ओढून खांदा निघाला, साहेब काही सुरू होईनात.

मामा म्हणाला, "नवीनच घे आता, तू कमावतोस ना."

मी आधी प्लग काढला, काळा, तेलकट. मग कार्ब्युरेटर उघडला तर तळाशी पिवळट चिकट थर, चार महिने टाकीत पेट्रोल तसंच पडलेलं, त्यात हल्ली 20 टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, साफ केलं, नवीन पेट्रोल, लिटरला 20 मिली तेल, तिसऱ्या ओढीला धूर सोडत चालू! पण मागून जी पाण्याची धार यायला हवी ती नुसती थेंब थेंब, म्हणजे बहुधा इम्पेलर गेला, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं रबराचं छोटंसं चक्र, ते गेलं की इंजिन तापून जाम.

इम्पेलर तसा स्वस्तातला पार्ट. खरा प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का याचा; तो गेला असेल तर नवीन इंजिनच. फोर-स्ट्रोक शांत, पेट्रोल कमी खातं, तेल मिसळायची कटकट नाही, पण वजन जास्त, आणि मामाच्या बोटीची मागची फळी आधीच मऊ झालीय. म्हणून पुढच्या रविवारी दाब मोजायचं गेज घेऊन जातोय, दोन्ही सिलिंडरचा दाब पुरेसा आणि साधारण सारखा निघाला तर इम्पेलर टाकायचा, नाहीतर आधी फळी आणि मग इंजिन. मामाला अजून सांगितलं नाहीये.