आडव्या रेघेवरचा आरोप

मजकुरात लांब डॅश (—) दिसला की तो एआयने लिहिलेला आहे असे समजावे, हा समज पुण्याच्या लिहित्या-वाचत्या मंडळींत आता चांगलाच रुळला आहे. दिवाळी अंकांच्या संपादकीय बैठकांत, महाविद्यालयांच्या निबंधस्पर्धांत, वाचनकट्ट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर तो इतक्या खात्रीने सांगितला जातो की त्याचा आधार काय, असे कोणी विचारतही नाही. मी बरीच वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. दुसऱ्यांच्या मजकुरातले स्वल्पविराम आणि डॅश तपासण्यावरच माझा चरितार्थ चालतो, आणि म्हणूनच मला हे स्पष्टपणे मांडावेसे वाटते की हा निकष चुकीचा आहे आणि मराठीच्या बाबतीत तो अधिकच चुकीचा आहे.

या समजाला काहीच आधार नाही असे मात्र मी म्हणणार नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर त्याच्या इंग्रजी उत्तरांत लांब डॅशचा सुकाळ असतो हे अनेकांच्या लक्षात आले. मराठीत उत्तर मागितले तरी ती सवय पुष्कळदा तशीच राहते. परंतु एआयच्या मजकुरात डॅश फार असतात, एवढ्यावरून डॅश असलेला मजकूर एआयचा ठरत नाही. पहिले विधान हजारो मजकुरांच्या ढिगाविषयी आहे. दुसरे आपल्यासमोरच्या एका माणसाच्या एका लेखाविषयी आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा निवाडा त्यावर होणार आहे.

मराठीत ही चिन्हे आली कुठून, हे पुणेकराने तरी विसरू नये. मोडीत लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही पद्धत नव्हती. ओळीवर रेघ मारायची आणि तिच्याखाली अक्षरे एकापाठोपाठ एक लिहीत जायची. पोथ्यांत फार तर दंड, म्हणजे उभ्या रेघा, असत. इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठी गद्यात रुजवण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सहभागी असलेले आणि विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेची व्यवस्था पाहिलेले हे गृहस्थ; त्यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ही चिन्हे मराठी वाचकाला समजावून सांगितली. पुढे ती शालेय व्याकरणात आली. आज सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा विद्यार्थीही संयोगचिन्ह (हायफन) आणि अपसारणचिन्ह (डॅश) यांतला फरक पाठ करतो. बोलता बोलता विचार मध्येच तुटला किंवा आधीच्या शब्दांचे स्पष्टीकरण द्यायचे असले की अपसारणचिन्ह वापरावे, असे आपणच मुलांना शिकवतो. ते शिकवलेले त्यांनी वापरले, तर त्यांच्यावर संशय घेण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

पण माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. छापलेल्या मजकुरातला डॅश लेखकानेच घातलेला असतो, हे गृहीतच मुळात डळमळीत आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात हस्तलिखितातली रेघ लहान घ्यायची की मोठी, हे बहुतेक वेळा कंपोझिटर ठरवत असे. बारा पॉइंटचा टाइप असेल तर पूर्ण डॅशही बारा पॉइंट रुंद, अर्धा डॅश त्याच्या निम्मा. हाताशी असेल तो खिळा ओळीत बसायचा. पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले तेव्हा हा निर्णय ऑपरेटरकडे गेला. आज वर्डमध्ये दोन शब्दांच्या मध्ये जागा न सोडता लागोपाठ दोन हायफन टाइप केले की तो प्रोग्रॅम आपणहून त्यांचा लांब डॅश करतो, आणि हायफनच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली की त्याचा मध्यम डॅश होतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवतानाही चिन्हांची अदलाबदल होते. याशिवाय आम्ही मुद्रितशोधक आहोतच: अंकाची शैली ठरलेली असली की लेखकाचे कंस काढून डॅश घालणे हे आमचे रोजचे काम आहे. उलट, फोनवर मराठी टाइप करणाऱ्याला लांब डॅश सहज सापडत नाही. हायफनची कळ दाबून धरली तर तो मिळतो हे अनेकांना ठाऊकच नसते. तेव्हा डॅश असणे वा नसणे यावरून काही कळलेच, तर मजकूर कोणत्या कळफलकावरून आणि कोणाकोणाच्या हातांतून आला एवढेच कळते.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थिनीचा निबंध एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाजूला काढला गेला, आणि कारण म्हणून तोंडी सांगितले गेले की त्यात डॅश फार आहेत. ती वही घेऊन माझ्याकडे आली. निबंध आजीच्या गावातल्या विहिरीवर होता. शाईच्या पेनाने लिहिलेला, मधल्या दोन परिच्छेदांवर काट मारून समासात पुन्हा लिहिलेला. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीच्या दुकानातून तिने तो टाइप करून घेतला होता. “काका, मी वहीत नुसती आडवी रेघ ओढली होती. ती केवढी लांब धरायची हे मला कुठे ठाऊक होते?” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे अगदी रास्त होते. हाताने लिहिताना हायफन, मध्यम डॅश आणि लांब डॅश असे तीन वर्ग नसतातच. ते वर्ग छपाईचे आहेत, आणि त्यांच्या आधाराने एका मुलीच्या सचोटीवर ठपका ठेवला गेला, याचा मला आजही राग येतो.

काहींचे म्हणणे असे की प्रश्न डॅशच्या संख्येचा नाही, तो वापरण्याच्या पद्धतीचा आहे. यात थोडे तथ्य आहे. ‘ही गल्ली — जिथे एकेकाळी छापखाने होते — आज शांत आहे’ हे वाक्य कानाला खटकते, कारण मराठीत आपण सहज ‘ज्या गल्लीत एकेकाळी छापखाने होते ती आज शांत आहे’ असे म्हणतो. मध्ये पाचर मारण्याची गरज आपल्याला जो-तो या जोडीमुळे पडत नाही. पण असली वाक्ये इंग्रजी माध्यमात शिकलेली, दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणारी हाडामांसाची माणसेही लिहितात आणि त्यांची मुद्रिते मी एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून सुधारत आलो आहे. अशा वाक्याला संपादकाने खुशाल लाल शाई लावावी. ते वाक्य मराठीला न शोभणारे आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. लिहिणाऱ्याने फसवणूक केली हे सिद्ध होत नाही.

निव्वळ मजकुराच्या रूपावरून निवाडा करणे किती कठीण आहे, हे चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआय कंपनीच्या अनुभवावरून दिसते. त्यांनी जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखणारे साधन काढले; त्यांच्याच चाचणीत त्याने असा मजकूर केवळ २६ टक्के वेळा ओळखला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकुरावर चुकीचा शिक्का मारला. जुलैमध्ये ते मागे घेतले गेले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशी ओळखयंत्रे एआयचे ठरवत होती. इतकी खटपट करून बनवलेली साधने जिथे फसतात, तिथे एका चिन्हाच्या जोरावर आपण परीक्षक म्हणून निर्धास्त कसे राहू शकतो?

शिवाय हा निकष आता निरुपयोगीही होत चालला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीर केले की डॅश वापरू नको अशी सूचना सेटिंगमध्ये देऊन ठेवली तर चॅटजीपीटी ती पाळेल. ज्याला लबाडीच करायची आहे तो ही सूचना देईल, किंवा एकदा शोधून सगळे डॅश बदलून टाकेल; त्याला अर्ध्या मिनिटाचेही काम नाही. सापडेल तो फक्त वहीतली आपली रेघ जपणारा माणूस.

मी ज्या अंकासाठी मुद्रिते वाचतो तिथे शंका आली तर लेखकाला फोन करावा, असा आग्रह मी धरला आणि संपादकांनी तो मान्य केला. विहिरीविषयी लिहिणाऱ्याला विहिरीच्या पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या हे विचारावे. ज्याने ते पाहिले आहे तो त्याच्या लेखात नसलेल्याही चार गोष्टी सांगतो. कच्चा खर्डा असल्यास मागून घ्यावा, काटाकाट पाहावी. यात वेळ जातो आणि दोनशे प्रवेशिका आल्या तर प्रत्येकीसाठी ते शक्य नाही, हे मला मान्य आहे. म्हणून अंतिम फेरीतल्या लेखांपुरतेच आम्ही ते करतो. पहिल्या फेरीत मात्र विरामचिन्हांच्या कारणावरून कोणताही लेख बाद करायचा नाही, असे परीक्षकांच्या सूचनापत्रात या वर्षीपासून लिहून घेतले आहे.