तुम्ही विचारलंत म्हणून : "पण कशाला?"

डिसेंबर लागला की इथल्या महाराष्ट्र मंडळातलं कुणीतरी विचारतं. मे महिन्यात सांगलीला गेले की एखादी मावशी माझ्या फोनमधला फोटो दोन बोटांनी मोठा करत विचारते. फोटोत मी हेल्मेट घालून एका सायकलवर बसलेली असते, आणि सायकलला चाकांच्या जागी स्की असतात, बर्फावर घसरायच्या लांबट पट्ट्या. पुरुषमंडळी आधी "ब्रेक कुठाय?" विचारतात, मग "पण कशाला?"वर येतात. बायका आडवळण घेत नाहीत.

माझा डावा पाय, चौदाव्या महिन्यात झालेला पोलिओ, कॅलिपर म्हणजे पायाला बांधायचा आधार, अमेरिकेत डेन्व्हरमधली पंचवीस वर्षं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही. एकदाच काय ते सांगून टाकते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

ब्रेकचं आधी उरकू. ब्रेक नसतो. पेडल नसतं, चेन नसते. हँडलखाली एक स्की, सीटखाली एक, आणि दोन्ही पायांत दीड-दोन फुटी छोट्या स्की. वळायचं ते हँडल पिळून नाही, सायकल कलती करून. स्कीची कड बर्फात धरते आणि सायकल वळते. थांबायचं असेल तर वळत वळत तोंड चढाकडे करायचं. हे डोक्यात शिरायला मला तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस मी हँडलशी इतकी झटापट केली की रात्री पोळी लाटता येईना.

यातला खरा मुद्दा सीट हा आहे. वजन सीट घेते, पाय नुसते तोल राखतात. ज्यांना चार पावलं चालता येतं पण फार वेळ उभं राहवत नाही, अशांसाठी हे आहे : अर्धांगातून उठलेले, मल्टिपल स्क्लेरोसिसवाले, कृत्रिम पायाचे, गुडघे गेलेले. आणि माझ्यासारखे.

"मग ते खुर्चीत बसून करतात, ते का नाही?" असं टीव्हीवर पॅरालिम्पिक बघितलेले लोक विचारतात. केलं. पहिल्या वर्षी तेच केलं. खाली दोन स्की असलेल्या टपात मला पट्ट्यांनी बांधून बसवलं होतं आणि मागून शिक्षक दोन दोऱ्या धरून येत होता. फार चांगला माणूस. उतरल्यावर त्यानं विचारलं, "मजा आली?" मी हो म्हटलं. खरं तर मला पूर्णवेळ मागच्या त्या दोऱ्याच जाणवत होत्या. एकाच स्कीवर बसून, दोन्ही हातांत छोट्या स्की लावलेल्या काठ्या घेऊन एकटं जायचाही प्रकार आहे, पण त्याला खांदे लागतात, आणि माझे खांदे कुबडीनं कधीच खाल्लेत. तिसरा मार्ग म्हणजे चांगल्या पायावर एक स्की घालून दोन काठ्यांच्या आधारानं उभ्यानं जायचं. डेन्व्हरजवळ विंटर पार्क या स्कीच्या डोंगरावर १९७० साली हॅल ओ'लिअरी या शिक्षकानं डेन्व्हरच्या बालरुग्णालयातल्या पाय गमावलेल्या २३ मुलांना असंच शिकवलं. तिथल्या अपंगांच्या क्रीडा केंद्राची सुरुवात तीच. पण ती मुलं होती. माझ्या उजव्या पायानं पन्नास वर्षं दोघांचं काम ओढलंय. त्याला आता आणखी काम सांगायला माझी जीभ रेटत नाही.

"हे काहीतरी नवीन फॅड दिसतंय" म्हणणाऱ्या काकांसाठी : स्की लावलेल्या सायकलचं पेटंट अमेरिकेत १८९२ साली निघालं. स्वित्झर्लंडमध्ये ग्रिंडेलवाल्डला अशीच एक लाकडी सायकल आहे, व्हेलोगेमेल म्हणतात तिला. ती १९११ साली ख्रिस्तियान ब्युलमान नावाच्या माणसानं बनवली, कारण त्याला चालायला त्रास होता आणि बर्फातून गावात हिंडायची पंचाईत व्हायची. पुढे पोस्टमन वापरू लागले, डॉक्टर वापरू लागले. म्हणजे मूळ सोय एका लंगड्याची, धडधाकटांनी ती नंतर उचलली. (लंगडा हा शब्द मी वापरू शकते. तुम्ही जपून.)

आता अवघड भाग. २०१६ साली मंडळाच्या दिवाळी अंकात मी एक लेख लिहिला होता : 'बर्फानं मला पाय दिले'. तो फार फिरला. महिला दिनाला भाषणाची बोलावणी आली, एका शाळेनं त्यातल्या ओळी फळ्यावर लिहिल्याचा फोटो आला. त्यात मी म्हटलं होतं की डोंगरावर मी अपंग नसते.

बर्फानं मला पाय-बिय काही दिलेले नाहीत. डोंगरावर नेणाऱ्या लटकत्या खुर्च्यांच्या लिफ्टपाशी मी पोचते तेव्हा सायकल उचलायला दुसरं माणूस लागतं. खुर्ची हळू करा म्हणून हात वर करावा लागतो. वर पोचल्यावर तीन पावलं टाकून बाजूला व्हायचं असतं, त्या तीन पावलांचा हिशेब मी खालपासून करत येते. घसरताना पायाचा विसर पडतो हे खरं, पण तेवढा विसर मला चांगलं नाटक बघतानाही पडतो. तो लेख लिहिणारी बाई खोटारडी नव्हती. तिला टाळ्या हव्या होत्या, आणि "कशाला?" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद व्हायला हवी होती. दोन्ही झालं. प्रश्न तेवढा तसाच राहिला.

आमच्या घरी एकच सायकल होती, दादाची. दहावीपर्यंत मी शाळेत डबलसीट गेले. मागे कॅरिअरवर, डावा पाय एका हातानं उचलून धरलेला, नाहीतर तो चाकात जायचा. एकदा गेलाही होता. दादा कधी कुरकुरला नाही. पावसात चिखल उडायचा तो आधी त्याच्या अंगावर. पण कॅरिअरवरून रस्ता दिसत नाही हो. दिसते ती पुढच्याची पाठ. खाकी शर्ट, मधोमध घामाचा पट्टा. माझ्या शाळेचा रस्ता म्हणजे माझ्यासाठी ती पाठ.

हे 'कशाला'चं उत्तर म्हणून सांगते आहे असं समजू नका. चांगलं जमतंय खरं उत्तर म्हणून, तेच खटकतं.

२०१८च्या जानेवारीत दादा-वहिनी आले होते. विंटर पार्कला न्यायचं होतं, पण त्या आठवड्यात दुसरीकडे गेलो. कुठे ते सांगत नाही. बऱ्याच स्कीच्या डोंगरांवर या सायकलींना सरसकट परवानगी नसते. काही ठिकाणी फक्त अपंगांना असते आणि त्यासाठी सायकलला टॅग अडकवावा लागतो. माझा टॅग गाडीत राहिला होता. चूक माझी, हे आधीच लिहून ठेवते.

लिफ्टची रांग बरीच होती. उणे बारा तापमान. दादा दोरीपलीकडे फोन धरून उभा, कारण वहिनींना भिशीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा होता. लिफ्टवरचा पोरगा विशीचा असेल, नाकाचा शेंडा लाल झालेला. त्यानं सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सायकलवर बसलेली होते. बसलेल्या माणसाचं लंगडणं दिसत नाही.

"मॅडम, या फक्त अपंगांसाठी आहेत."

मी म्हटलं, मी आहे.

"टॅग?"

गाडीत आहे म्हटलं. तो म्हणाला, मग आणावा लागेल. पार्किंग त्याला पाच मिनिटांचं, मला पंचवीस, आणि कॅलिपरवर बर्फातून ती पंचवीस मिनिटं म्हणजे दिवस संपला. हे मी त्याला सांगू शकले असते. इंग्रजी येतं मला, रोज त्याच भाषेत भांडून पोट भरते. मागून कुणीतरी "काय चाललंय?" म्हणालं. पोरगा म्हणाला, आणि वाईट हेतूनं नाही, फक्त गोंधळून म्हणाला, "तुम्हाला बघून तसं वाटत नाही."

लक्षात घ्या, हे वाक्य ऐकण्यासाठी मी जन्मभर धडपडले आहे. शाळेत घोळदार परकर, कॉलेजात पायघोळ सलवार, लग्नाच्या फोटोत पुढे ठेवलेली फुलांची परडी. चालताना डावा हात मांडीवर दाबून गुडघा मागे रेटावा लागतो, तोसुद्धा पदर सावरल्यासारखा करायला मी शिकले होते. बघून तसं वाटत नाही! कुणी हे विसाव्या वर्षी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं.

मी काय केलं, तर पँटची बाजूची झिप ओढली. घोट्यापासून मांडीपर्यंत. बर्फातल्या पँटना ती असते, आत हवा जायला. आतली थर्मल होती, पण तिच्यातूनही कळतं. प्लास्टिकचं कवच, पट्टे, दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या दांड्या, आणि त्यात उजव्याच्या निम्मी मांडी. मी पाय हातानं उचलला आणि पुढे केला. भाजीवाला दुधी दाखवतो तसा. आणि म्हटलं, "आता वाटतं?"

रांगेतल्या लोकांनी तोंडं फिरवली. सगळ्यांनी एकदम. इतकी सभ्य माणसं. पोरगा कानापर्यंत लाल झाला, सॉरी मॅम, सॉरी मॅम करत त्यानं दोरी उघडली आणि मला सगळ्यांच्या पुढे नेलं.

आणि मी गेले. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. मला रांगेत माझ्या जागी उभं राहायचं होतं, तेवढ्यासाठीच तर भांडत होते, आणि त्यानं दोरी उघडल्यावर मी गुपचूप सगळ्यांच्या पुढे गेले, खुर्चीत बसले आणि वर जाईपर्यंत रडले. उणे बारात रडू नये. पापण्या चिकटतात.

त्या पोराचा मला राग नाही. असं मी बरीच वर्षं म्हणत होते. आहे राग. थोडा आहे. त्याच्यापेक्षा जास्त माझा मला आहे, कारण वाद घालायचा सोडून मी पुरावा दिला. आणि हेही खरं की पुरावा दिल्यावर एक क्षणभर फार हलकं वाटलं होतं. त्याचं काय करायचं मला कळलेलं नाही.

दादाचाही राग आला होता. फोन धरून उभा होता ना तो. संध्याकाळी गाडीत वहिनी झोपल्यावर मला वाटलं, आता हा विचारणार, कशाला गं हे. त्यानं विचारलं, "उतारावर भीती वाटत नाही?"

"वाटते."

"मग बरंय," म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत बसला.

तुमची बाजूही मांडते, कारण ती चुकीची नाही. पोलिओच्या पायाला थंडी सोसत नाही. माझा पाय बर्फावर तासाभरात जांभळा पडतो आणि रात्री उशिरापर्यंत थंडगार राहतो, त्या पायावर मांजरसुद्धा बसत नाही. शिवाय पोलिओ झालेल्या बऱ्याच जणांची ताकद तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा कमी होऊ लागते, ते माझं सुरू झालंय. डॉक्टरीणबाई म्हणतात दमेपर्यंत काही करू नका. आणि दमल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळतं. खर्चाबद्दल तर बोलूच नका. सांगलीतल्या माझ्या वर्गमैत्रिणीनं, तीही पोलिओचीच, एकदा म्हटलं, "आमच्या बँकेला अजून सात पायऱ्या आहेत, तू जा बर्फावर." याला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्या वर्षीही गेले.

मला जोरात जायला आवडतं, एवढंच धरा हवं तर. मी जोरात जातही नाही तशी. हिरव्या आणि निळ्या खुणांचे सोपे-मध्यम उतार, त्यापुढे नाही. आठ-दहा वर्षांची पोरं मला मागे टाकतात. पण जन्मभर माणसं माझ्यासाठी थांबत आली आहेत, पुढच्या कोपऱ्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीवर, गाडीचं दार धरून. उतारावर माझ्यासाठी कुणी थांबलेलं नसतं. हे दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही, माहीत आहे.

यंदा फेब्रुवारीतलं रेल्वेचं तिकीट काढलंय. डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून सुटते, सहा मैलांच्या मॉफट बोगद्यातून बाहेर पडते ती विंटर पार्कच्या पायथ्याशीच. घाट चालवायला नको. अर्धाच दिवस, बॅटरीवर गरम होणारे मोजे घालून. डॉक्टरीणबाईंना मोजे सांगितलेत, तिकीट नाही.

या दिवाळीत दादाचा फोन भरला म्हणून त्यानं जुनं सगळं ग्रुपवर ओतलं. त्यात तोही व्हिडिओ होता, बावन्न सेकंदांचा. पाच दिवस मी उघडला नाही. उघडला तेव्हा सुरुवातीला मी दिसते, रांग दिसते, हेल्मेटखालून मी दादाकडे बघून दात काढते आहे. मग तो पोरगा येतो. आणि फोन खाली जातो. पुढचा सगळा वेळ नुसते दादाचे बूट, त्यांच्यावरचा बर्फ, आणि आवाज. झिपचा आवाज इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. सॉरी मॅम, सॉरी मॅम. शेवटी, अगदी जवळून, चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या आणि घरात कधी शिवी न दिलेल्या माणसाचा आवाज : "च्या मायला."